मोपानेची फांदी

वेसल ग्रोब्लरला एक आकडा सांगायचा होता आणि तीन आठवडे झाले तरी तो सांगत नव्हता.

आकडा रायफलीचा होता. दक्षिण आफ्रिकेत लेटसिटेलेच्या संत्र्यांच्या बागा संपतात आणि मोपाने झाडांचे रान सुरू होते, त्या पट्ट्यात वेसल तीस वर्षे परदेशी पाहुण्यांना रानरेड्याच्या शिकारीला नेत होता. तीस वर्षे पुरी झाली म्हणून जिल्ह्याच्या शिकारी संघाने त्याला टीलमन रूट्सकडून हाताने घडवून घेतलेली रायफल भेट द्यायचे ठरवले. दस्त्यासाठी अक्रोडाचे लाकूड निवडून झाले होते, वेसलच्या हाताची आणि मानेची मापे घेऊन झाली होती. फक्त नळी मागवायची राहिली होती, आणि नळी मागवायची तर ती कोणत्या कॅलिबरची हे ठरायला हवे होते. ते ठरवण्याचा मान वेसलचा.

या मुलखात कॅलिबर म्हणजे नुसते नळीचे माप नाही. तीनशे पंचाहत्तर, चारशे सोळा, पाचशे हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेले असतात. आकडा वाढला की गोळी जड होते आणि तिच्याबरोबर खांद्याला बसणारा धक्काही. पण लोक त्यावरून माणूस मोजतात. वेसलचा बाप जाऊन बावीस वर्षे झाली, तरी चर्चच्या आवारात म्हातारे त्याला ‘चारशे चारवाला ग्रोब्लर’ म्हणूनच ओळखतात. तीनशे पंचाहत्तरने रानरेडा पडतो, कायद्याला ती चालते, कित्येकांनी तिच्यावर आयुष्य काढले आहे. तरी तिला इथे ‘सुनेची रायफल’ म्हणतात.

भेट जाहीर केली ती सारेल फूरीने. तो संघाचा अध्यक्ष. आडवा बांधा, मोठा आवाज, टोमॅटोची शेती. जूनमधल्या एका शनिवारी भर दुपारी त्याच्या अंगणात निखाऱ्यांवर मांस भाजत होते. सारेलने हातातला चिमटा उंच केला तेव्हा सगळे गप्प झाले.

“वेसल, लेका, दोन वर्षांपूर्वी तुला एका फांदीनं दगा दिला,” तो म्हणाला. “आता तुला अशी गोळी देतो की फांदीच काय, अख्खं झाड आडवं आलं तरी थांबायची नाही.”

“पाचशे!” कुणीतरी ओरडले.

“आणि सोबत एक नवा खांदा,” दुसऱ्याने भर घातली.

“खांदा त्याचाच पुरेल. ग्रोब्लरांच्या घरात बैल आजारी पडला की माणूस जुंपायचे.”

सगळे हसले. वेसलही हसला. ताटात मक्याची घट्ट लापशी आणि सॉसेज होते. त्याने ताट हातात धरून ठेवले.

त्या दिवशी फांदी नव्हतीच.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये एका पाहुण्याने रेडा जखमी करून सोडला होता. अशा रेड्यामागे जाताना पाहुण्याला मागे ठेवतात. पुढे माग काढणारा चालतो आणि त्याच्या मागे दोन पावलांवर रायफल घेऊन शिकारी, हा क्रम ठरलेला. पुढे रिसिमाती बालोयी होता. तो वेसलच्याच वयाचा. दोघे एकाच शेतावर वाढले, एकाच शेतावरच्या शेळ्या त्यांनी राखल्या आणि पुढे अठ्ठावीस वर्षे रानात असेच एकामागे एक चालले. मागावर असलेल्या माणसाचे डोळे जमिनीवर असतात. त्याच्या वतीने समोर बघणे हे मागच्याचे काम.

रेडा डावीकडून आला, वीसेक पावलांवरून. मध्ये मोकळे गवत होते, तेही गुडघ्याएवढे. वेसलने रायफल खांद्याला लावली. चाप ओढण्याआधीच त्याच्या पापण्या मिटल्या आणि नळी खाली गेली. गोळी रेड्याच्या पुढच्या खुराजवळ मातीत घुसली. रेड्याने रिसिमातीला कमरेत शिंग घालून उचलले. दुसरी गोळी वेसलने तीन पावलांवरून घातली. तेवढ्या अंतरावरून आंधळ्याचाही नेम चुकला नसता.

पापण्या मिटण्याची सुरुवात त्याआधी तीन वर्षे झाली होती. एका पाहुण्याची दुनळी तपासताना तिच्या दोन्ही नळ्या एकदम उडाल्या आणि वेसल उताणा पडला. नाकातून रक्त आले. भोवतालचे पोट धरधरून हसले आणि रुमाल नाकाशी लावून तोही हसला. त्यानंतर जड रायफल खांद्याला लागली की त्याचे अंग बार उडण्याआधीच दचकू लागले. हलक्या रायफलीने तो अजूनही पळते हरीण टिपत असे. जड रायफलीने तो आधी दचकत होता आणि मग मारत होता. बहुतेक वेळा पाहुण्याची गोळी पुरेशी असे, त्यामुळे ते खपून गेले.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याला त्याने लिहून दिले, ‘गोळी मोपानेच्या फांदीला घासून खाली गेली.’ फांदीला लागलेली गोळी कुठेही जाते हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असते. कुणी शंका घेतली नाही. अधिकाऱ्याने रिसिमातीलाही दवाखान्यात जाऊन विचारले, फांदी होती का. रिसिमाती म्हणाला, “मेनीर म्हणतायत तर असेल.”

मेनीर म्हणजे साहेब. आधी तो चारचौघांत वेसलला मेनीर म्हणायचा आणि रानात नुसते वेसल. चार महिन्यांनी डावा पाय ओढत तो कामावर परत आला, तेव्हापासून रानातही मेनीर म्हणू लागला. वेसलने कारण विचारले नाही. विचारण्याचा त्याला हक्क वाटला नाही.

आणि आता त्या फांदीने तिचा आकडा मागितला होता. फांदी आडवी आली म्हणजे गोळी हलकी पडली. हलकी पडली म्हणजे जड हवी. जड म्हणजे पाचशे. सारेलचे गणित कुठेही चुकत नव्हते, त्याला दिलेली पहिली ओळ तेवढी खोटी होती. वेसलने पाचशे म्हटले असते तर पुढच्या मोसमात तो रिसिमातीच्या पाठीमागे अशी रायफल घेऊन चालणार होता जिच्यामुळे त्याचे डोळे नक्की मिटणार होते. तीनशे पंचाहत्तर म्हटले असते तर लोक एकच शब्द विचारणार होते. का?

त्याची बायको हेटी त्याला रोज विचारत होती.

“टीलमनऊमचा परत फोन आला होता,” ती एका सकाळी कॉफी ओतताना म्हणाली. “म्हणाले, तुझ्या नवऱ्याला विचार, आकडा ठरवतोयस की नवरी.”

“सांगतो.”

“तीन आठवडे सांगतोयस.”

“सगळे पाचशेच म्हणतायत.”

“मग सगळ्यांच्याच खांद्यावर ठेव.” तिने कपबशी त्याच्यापुढे सरकवली. “मांस वाळवायला हरणं मारायची असली की तू माझी रायफल घेऊन जातोस. तुझी कपाटात पडून असते. मी काही आंधळी नाही, वेसल.”

“तुझी हाताला हलकी पडते.”

“हं,” हेटी म्हणाली आणि साखरेचा डबा बंद केला.

टीलमन रूट्स बंदुका घडवायचा. वय अठ्ठ्याहत्तर, उजवा कान निकामी. सगळा जिल्हा त्याला ऊम, म्हणजे काका, म्हणत असे. त्याच दुपारी त्याने पुन्हा फोन केला आणि या वेळी वेसललाच फोनवर बोलावले.

“पोरा, नळी मागवायचीय. मला अजून किती वर्षं जगवायचा विचार आहे तुझा?”

“ऊम, दोन दिवस द्या.”

“दोन दिवस कशाला? गुरुवारी ये. माझी पद्धत तुला ठाऊक आहे. माझ्याकडे आधी माणूस तपासला जातो, मग आकडा. आणि पुढं चालणाऱ्याला घेऊन ये.”

“रिसिमातीला त्रास कशाला? त्याचा पाय...”

“पाय नाही लागत मला त्याचा. हात लागतो. काडतुसं तो भरणार.”

टीलमनची ही पद्धत पुरी जुनी होती. रायफल ज्याच्या पाठीमागून चालणार, त्यानेच ती भरायची. भरताना पाठ फिरवायची आणि खऱ्या काडतुसांत मुकी काडतुसे मिसळायची. मुके काडतूस दिसायला हुबेहूब खऱ्यासारखे, पण आत दारू नाही. किती मुकी घालायची आणि कुठल्या नंबरला, हे भरणाऱ्याने ठरवायचे. बार उडतो तेव्हा धडाक्यात सगळे झाकून जाते. मुक्यावर चाप ओढला की नुसते ‘खट्’ होते, आणि माणूस दचकत असेल तर नळी सगळ्यांच्या देखत खाली झुकते.

वेसलला हे टीलमनकडून कळायला नको होते. आपल्या तळावर आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो पहिल्या दिवशी हेच करायला लावत असे. रिसिमाती भरायचा, पाहुणा मारायचा, नळी डुबकी घ्यायची. मग वेसल पाहुण्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, “रेड्याला नमस्कार कशाला करताय? तो तुमच्या ओळखीचा नाही.” या वाक्यावर तो बावीस वर्षे हशा मिळवत आला होता.

गुरुवारी सकाळी दोघे वेसलच्या उघड्या हौद्याच्या गाडीतून निघाले. रिसिमाती पुढच्या सीटवर बसला होता, पाय सरळ करता यावा म्हणून सीट मागे सरकवलेली. मध्ये चहाचा थर्मास. दोन्ही बाजूंनी संत्र्यांच्या रांगा मागे जात होत्या. वीसेक किलोमीटर गेले.

“ऊमकडे कशाला चाललोय, ठाऊक आहे ना?” वेसलने शेवटी विचारले.

“काडतुसं भरायला.”

“हो.”

“पाहुण्यांची भरतो तशीच?”

“तशीच.”

रिसिमातीने मान हलवली. वेसलला वाटले, बोलणे जरा हलके करावे.

“तो बव्हेरियाचा खाटीक आठवतो? चार मुकी भरली होतीस त्याला.”

“आठवतो. मानेपर्यंत तांबडा झाला होता.” रिसिमाती खिडकीतून बाहेर बघत होता. “मेनीर तेव्हा फार हसले होते.”

वेसलने टीलमनच्या फाटकापाशी गाडी थांबवली.

सारेल आधीच येऊन बसला होता. टीलमनच्या कारखान्याच्या मागे मोकळी जागा होती, टोकाला मातीचा बांध आणि बांधापुढे रेड्याच्या आकाराचा पत्रा, त्यावर काळा रंग. तीस पावलांवर तीन काठ्या एकत्र बांधून रायफल टेकवायचा आधार उभा केला होता. टेबलावर तीन रायफली मांडलेल्या, तिन्हींचे वजन सारखे, आकडे वेगळे.

“आधी पाचशे,” सारेल म्हणाला. “बाकीच्या दोन परत आत नेऊन ठेवल्यात तरी चालेल, ऊम.”

“टेबल माझं आहे,” टीलमन म्हणाला. “तू तुझे टोमॅटो सांभाळ.” त्याने तंबाखूचा एक जुना डबा रिसिमातीपुढे धरला. “यात सहा खरी आहेत, तीन मुकी. पाठ फिरव आणि तीन भर. एक घाल, दोन घाल, नाहीतर एकही घालू नकोस. तुझी मर्जी.”

रिसिमाती डबा आणि रायफल घेऊन भिंतीकडे वळला. धातूवर धातू घासल्याचा आवाज तीनदा झाला. मग त्याने रायफल आणून वेसलच्या हातात दिली. त्याच्याकडे न बघता.

वेसल काठ्यांशी उभा राहिला. हे पहिलेच मुके असेल, त्याने मनाशी म्हटले. डोळे उघडे ठेव. नळी धरून ठेव. त्याने दात आवळले, चाप ओढला. बार उडाला. धक्क्याने तो एक पाऊल मागे गेला. मग आता दुसरे असेल. दुसराही बार उडाला. मग तिसरे नक्की. तिसराही उडाला. डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या आणि कानात एकसुरी शीळ घुमत होती.

सारेल पत्र्यापर्यंत चालत गेला. एक भोक खांद्यात होते, एक छातीच्या कडेला, आणि तिसरे खाली, जिथे पत्र्याच्या रेड्याचा पाय सुरू होत होता.

“मेला!” तो तिकडूनच ओरडला. “पहिल्याच गोळीत मेला. बाकीच्या दोन आपल्या हौसेच्या.”

टीलमनने पत्र्याकडे पाहिले नाही. “किती मुकी घातली होतीस?” त्याने रिसिमातीला विचारले.

“एकही नाही, ऊम.” रिसिमातीने मूठ उघडली. तिन्ही मुकी काडतुसे त्याच्या तळव्यावर होती.

“का रे?”

“मेनीरना काय शिकवायचं? ते स्वतःच पाहुण्यांना शिकवतात.”

सारेल परत आला होता. त्याने वेसलच्या दुखऱ्या खांद्यावर हात आपटला. “बघ! याला म्हणतात विश्वास. रेड्यानं कंबर मोडली तरी माणसाचा तुझ्यावर भरवसा आहे. लिहा, ऊम, पाचशे.”

टीलमनने कानामागची पेन्सिल काढली. “आकडा तो सांगणार,” तो म्हणाला आणि वेसलकडे बघत थांबला.

पाचशे म्हणायला वेसलचे तोंड उघडलेही होते. सुटका समोर होती. कुणी काही पाहिले नव्हते, आणि ज्याला सगळे माहीत होते त्यानेच ते झाकले होते. नेमके तेव्हा रिसिमाती रिकामी टरफले गोळा करायला वाकला. हे काम तो नेहमी करायचा, कुणी सांगावे लागत नसे. आता त्याला सरळ वाकता येत नव्हते. डावा पाय बाजूला लांब करून, एक हात जमिनीवर टेकून तो एकेक टरफल उचलत होता. तीन टरफलांना बराच वेळ लागला. सारेल आणि टीलमन शिष्टाचाराने दुसरीकडे बघू लागले. वेसलला मान वळवता आली नाही.

“परत भर,” तो म्हणाला.

रिसिमाती हातात टरफले घेऊन उभा राहिला. “काय?”

“परत भर. या वेळी घाल.”

“किती?”

“तुला ठाऊक आहे किती.”

“आता कशाला?” सारेल म्हणाला. “झालं की.”

रिसिमातीने क्षणभर वेसलच्या तोंडाकडे पाहिले. दोन वर्षांत त्याने तसे पाहिले नव्हते. मग तो रायफल घेऊन भिंतीकडे वळला.

वेसलने पुन्हा खांद्याला दस्ता लावला. चाप ओढला. खट्.

नळी वीतभर खाली गेली. त्याचे डोळे गच्च मिटले होते, तोंड वाकडे झाले होते, उजवा खांदा पुढे उसळला होता आणि एक पाय मागे सरकला होता. बार नव्हता, धूर नव्हता, धक्का नव्हता. झाकायला काहीच नव्हते. सकाळचे दहा वाजले होते आणि उन्हात सगळे लख्ख दिसत होते.

त्याने खटका मागे ओढला, मुके काडतूस गवतात पडले. पुन्हा चाप. खट्. नळी पुन्हा तेवढीच झुकली. तिसऱ्यांदा त्याने श्वास रोखला, डोळे ताणून उघडे ठेवायचा निश्चय केला आणि चाप ओढला. खट्. पत्र्याच्या रेड्याला त्याने तिसऱ्यांदा नमस्कार घातला.

तेव्हा त्याला कळले की रिसिमातीने तिन्ही मुकी भरली होती. रायफल रिकामीच होती म्हणायची. रिकाम्या रायफलीला तो तीनदा घाबरला होता.

कुणी हसले नाही. पाहुण्यांच्या पाठीवर मारायचे वाक्य त्याला आठवले आणि मानेपासून कानापर्यंत रक्त चढल्याचे जाणवले. खाटकासारखेच.

“फांदी नव्हती,” तो म्हणाला.

“कुठली फांदी?” सारेलने विचारले आणि विचारता विचारताच त्याला समजले. त्याने टोपी काढली, आत पाहिले, परत घातली. “हे बघ वेसल, झालं गेलं. आपण चौघंच आहोत इथं. इथलं इथंच राहील.”

“चौथा मी आहे, मेनीर फूरी,” रिसिमाती शांतपणे म्हणाला.

सारेल बुटांकडे बघू लागला.

“तुला माहीत होतं?” टीलमनने निकामी कान बाजूला करून चांगला कान रिसिमातीकडे वळवला.

“पुढं मीच होतो, ऊम. फांदी असती तर आधी माझ्या तोंडाला लागली असती.”

“मग बोलला का नाहीस?”

“लिहिणाऱ्याचं लिहून झालं होतं. मी खाटेवर होतो.” त्याने गवतातून वेचलेली मुकी काडतुसे एकेक करून डब्यात टाकली. “आणि मला वाटलं, मेनीर सांगतील. आज नाहीतर उद्या. मी वाट बघितली.”

एवढे बोलून त्याने डब्याचे झाकण लावले. वेसलला त्याने शिवी दिली असती तर बरे वाटले असते. शिवीला उत्तर देता येते.

टीलमनने टेबलावरची तीनशे पंचाहत्तर आणि तिच्या काडतुसांचा दुसरा डबा रिसिमातीला दिला; त्याने ती भरून वेसलच्या हातात ठेवली. पहिला बार उडाला. दुसरे मुके होते. नळी झुकली, पण दोन बोटे. डोळे मिटले.

“हे जाऊ शकतं,” टीलमन म्हणाला. “लगेच नाही जायचं. रोज करावं लागेल, वर्षभर तरी. पाचशेनं ते आणखी पक्कं होईल.” त्याने कागद ओढला. “आकडा?”

“तीनशे पंचाहत्तर.”

“संघाला काय सांगू मी?” सारेल म्हणाला. “लोकांनी पाचशे धरलीय मनात.”

“सांग, त्याला सुनेची रायफल हवीय. का ते मी सांगेन.”

टीलमनने आकडा लिहिला, त्याखाली रेघ ओढली. वेसल रिसिमातीकडे वळला. हा प्रश्न त्याला एकांतात विचारायला आवडला असता, पण एकांतात विचारायचा हक्क आपण घालवला आहे हे त्याला कळत होते.

“माझ्यापुढं चालशील का परत?”

“याच्यापुढं नाही,” रिसिमाती पाचशेकडे बोट करून म्हणाला.

“आणि नव्या रायफलीपुढं?”

“ती अजून झालीच नाही, मेनीर.”

पुढच्या सोमवारी वेसल जिल्ह्याच्या ठिकाणी गेला आणि त्याच अधिकाऱ्याला दुसरा जबाब लिहून दिला. साडेतीन ओळींचा. त्याचा परवाना एका मोसमासाठी रोखला गेला. संघाच्या बैठकीत तो उभा राहिला आणि चार वाक्यांत सांगून खाली बसला. कुणीतरी खोकले. एक जण म्हणाला, मला तेव्हाच वाटलं होतं, पण कधी वाटले होते ते त्याने सांगितले नाही. सभेनंतर लोक त्याच्याशी पावसापाण्याचे बोलले, एरवीपेक्षा जरा जास्तच आपुलकीने, आणि लवकर निघून गेले. घरी हेटीने एवढेच विचारले, “रिसिमातीच्या बायकोला सांगितलंस?” त्याने सांगितले नव्हते. ती त्याला त्याच संध्याकाळी गाडीत घालून घेऊन गेली. बाई दारातच उभी राहिली, सगळे ऐकून घेतले आणि आत ये म्हणाली नाही.

रायफल मार्चमध्ये तयार झाली. ती सभागृहात टाळ्यांच्या गजरात द्यायची ठरली होती. प्रत्यक्षात सारेलने ती चर्चमागच्या वाहनतळावर गाडीच्या हौद्यातून काढून दिली, घोंगडीत गुंडाळलेली. “लाकूड छान निघालंय,” तो म्हणाला. भाषण झाले नाही. नळीवर आकडा कोरलेला आहे, बारीक पण ठसठशीत.

तिला आता पाच महिने झाले. कातडी खारवायच्या खोलीमागे वारुळासारखा एक ढिगारा आहे, त्यावर कागद लावलेला असतो. रोज सकाळी सातला रिसिमाती भरतो आणि वेसल मारतो. कधी नळी जागची हलत नाही, कधी एक बोट खाली जाते. जुन्या पाहुण्यांपैकी कुणी आलाच आणि विचारले की तीस वर्षे मुरलेल्या शिकाऱ्याकडे एवढी हलकी रायफल कशी, तर वेसल सांगतो की जड रायफलीला मी घाबरतो. पाहुण्याला वाटते हा विनोद आहे. तो हसतो, आणि वेसल त्याचे हसणे संपेपर्यंत थांबून खरी गोष्ट सांगतो. ती सांगायची त्याला अजून सवय झालेली नाही. प्रत्येक वेळी कान तापतात.

परवाना परत मिळाला आहे. मोसमाचे शेवटचे आठवडे राहिले आहेत. रेड्यामागे तो अजून गेलेला नाही, कारण पुढे कोण चालणार हे ठरलेले नाही. तो विचारत नाही आणि रिसिमाती सांगत नाही.

मंगळवारी सकाळी गवतावर दव होते. रिसिमातीने पाठ फिरवून रायफल भरली आणि पाय ओढत येऊन ती त्याच्या हातात दिली.

“आज किती?” वेसलने विचारले.

“मारून बघा, मेनीर,” रिसिमाती म्हणाला, आणि बाजूला सरून नळीच्या टोकाकडे बघत उभा राहिला.